मारेकऱ्याच्या आसपासच्या स्त्रिया आणि कादंबरीकाराचे काम

अमळनेरच्या एका तरुण प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खून करणारा नट जॉन विल्क्स बूथ याच्या आसपास वावरलेल्या स्त्रियांवर त्यांना मराठीत कादंबरी लिहायची आहे. खानदेशात राहून एवढ्या दूरच्या विषयाचे संशोधन होऊ शकेल का, पुराव्यात नसलेले किती कल्पावे, आणि स्त्रियांची म्हणून लिहायला घेतलेली कादंबरी शेवटी त्या खुन्याचीच होऊन बसू नये यासाठी काय करावे, असे तीन पोटप्रश्न त्यात आहेत. मी धुळ्याला असते, बरीच वर्षे ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या लिहिते आणि या प्रकरणाची कागदपत्रे एका लेखनाच्या निमित्ताने बारकाईने वाचलेली आहेत, म्हणून उत्तर त्यांनाच उद्देशून, जरा सविस्तर देते.

पहिल्या पोटप्रश्नाचे उत्तर लवकर आटोपते. १८६५ साली लष्करी आयोगापुढे चाललेल्या खटल्याचे छापील वृत्तांत, १८६७ मध्ये बूथचा साथीदार जॉन सरॅट याच्यावर लष्करी नव्हे तर नागरी न्यायालयात ज्यूरीसह चाललेल्या खटल्याचे खंड, त्या काळची वर्तमानपत्रे, अलेक्झांडर गार्डनरने काढलेली आरोपींची आणि फाशीची छायाचित्रे हे सारे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या आणि इतर डिजिटल संग्रहांत घरबसल्या वाचता-पाहता येते. युद्धखात्याने तपासात गोळा केलेल्या जबान्या आणि जप्त कागद यांच्या मायक्रोफिल्मची १६ रिळे आहेत आणि तीही आता संगणकावर पाहायला मिळतात. तेव्हा कागद मिळणे ही अडचण नाही. ते वाचायचे कसे, ही आहे, आणि माझे बहुतेक सांगणे त्याविषयीच आहे.

या स्त्रियांपैकी बहुतेकींचे शब्द कागदावर आले ते एकाच कारणाने: कोणीतरी अधिकाऱ्याने त्यांना बूथविषयी किंवा त्याच्या साथीदारांविषयी विचारले. तो घरी कधी आला, कोणाबरोबर आला, काय बोलला, तुम्ही त्याला किती ओळखता. त्या दिवशी त्यांच्या घरात दुखणे कोणाचे होते, भाडे कोणाचे थकले होते, सणाची तयारी कुठवर आली होती, हे कोणी विचारले नाही, म्हणून ते कागदावर नाही. परिणामी दस्तऐवज जसाच्या तसा पुढे ठेवून लिहू लागले की प्रत्येक स्त्री दिवसभर जणू त्या एका पुरुषाच्या येण्याजाण्याकडेच डोळे लावून बसलेली दिसते. कादंबरीकाराचे पहिले काम म्हणजे प्रत्येक जबानीच्या मागचा प्रश्न हुडकणे, आणि तो प्रश्न बाजूला केल्यावर त्या बाईचा दिवस कसा उरतो ते पाहणे.

इथे खटल्याच्या दोन छापील वृत्तांतांतील फरक तुमच्या उपयोगी पडेल. बेन पिटमन याने संपादित केलेला एकखंडी वृत्तांत सर्वांत सोयीचा, म्हणून सर्वांत जास्त वाचला जातो. पण त्यात साक्षी संक्षेपाने, सलग निवेदनाच्या रूपात आणि विषयवार लावून दिल्या आहेत, आणि मधले प्रश्न बहुतांशी गाळलेले आहेत. बेन पर्ली पोअर याच्या तीन खंडांत मात्र प्रश्नोत्तरे पुष्कळशी जशीच्या तशी मिळतात. एकच साक्ष दोन्हीकडे वाचून पाहा. पिटमनमध्ये जी बाई आपणहून भराभरा माहिती देताना दिसते, तीच पोअरमध्ये एकेक शब्द ओढून काढावा तशी उत्तरे देताना दिसते. कादंबरीतल्या पात्राचा स्वभाव यावरून ठरतो. म्हणून पिटमन हाताशी ठेवावा तो अनुक्रमणिकेसारखा, आणि पात्र उभे करावे ते पोअरवरून.

दुसरी गोष्ट भीतीची. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये गोळी झाडली गेली, आणि थोड्याच दिवसांत सरकारने एकूण १ लाख डॉलरचे इनाम जाहीर केले. त्यातले ५० हजार बूथसाठी, प्रत्येकी २५ हजार जॉन सरॅट आणि डेव्हिड हेरॉल्ड या त्याच्या साथीदारांसाठी होते. आरोपींना थारा देणाऱ्यालाही फाशीची धमकी होती. त्या आठवड्यांत ज्यांनी तोंड उघडले त्यांच्यापुढे एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला दोर होता. जॉनची आई मेरी सरॅट याही आरोपी होत्या, आणि त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ज्या दोघांच्या साक्षींवर उभा राहिला, ते त्यांच्या घरातला बिऱ्हाडकरू लुई वाइकमन आणि त्यांचा गुत्ता चालवणारा जॉन लॉइड, दोघेही आधी स्वतः संशयित म्हणून अटकेत होते. म्हणून ते खोटेच बोलले असे मी म्हणत नाही. पण साक्षीदार बोलताना कोणाकडे पाहत होता, याची नोंद तुमच्या टिपणवहीत साक्षीशेजारीच असली पाहिजे.

आता मेरी सरॅट यांच्याकडे वळते, कारण तुमची कादंबरी त्यांना टाळू शकणार नाही. चाळिशी ओलांडलेली विधवा, लहानपणी कॅथलिक शाळेत शिकताना तो पंथ स्वीकारलेली. नवरा १८६२ मध्ये कर्ज मागे ठेवून वारलेला. मेरीलँडमधल्या सरॅट्सव्हिल या गावी दारूचा गुत्ता, खाणावळ आणि टपालकचेरी अशी एकत्र वास्तू. धाकटा मुलगा जॉन दक्षिणेकडच्या बंडखोर सरकारचे गुप्त टपाल वाहणारा. १८६४ च्या शरद ऋतूत त्यांनी गावचा गुत्ता लॉइडला भाड्याने दिला आणि वॉशिंग्टनमध्ये एच स्ट्रीटवरच्या घरात बिऱ्हाडकरू ठेवून त्या राहू लागल्या. मेरीलँड राज्याच्या नव्या घटनेने १ नोव्हेंबर १८६४ पासून गुलामगिरी संपवली, आणि सरॅट कुटुंबाकडे पूर्वी गुलाम होते, हे याच महिन्यांत ठेवून पाहा. एका घराची सगळी आर्थिक घडी मोडण्याचा तो काळ आहे. बूथ या घरी येऊ लागला तो त्यानंतर. मला विचाराल तर कादंबरीची सुरुवात त्या स्थलांतरापासून व्हावी, थिएटरपासून नव्हे.

त्यांच्याविषयी पुरावा काय सांगतो? मार्चमध्ये जॉन सरॅट आणि साथीदारांनी गावच्या गुत्त्यात बंदुका लपवल्या. ११ एप्रिलला मेरी वाइकमनबरोबर गावी निघाल्या. वाटेत लॉइड भेटला, आणि त्याच्या साक्षीप्रमाणे त्यांनी त्या बंदुका तयार ठेवायला सांगितले. १४ एप्रिलच्या दुपारी बूथ एच स्ट्रीटच्या घरी येऊन त्यांच्याशी बोलून गेला. मग त्या येणे असलेल्या पैशांच्या कामासाठी म्हणून पुन्हा गावी गेल्या, बरोबर बूथने दिलेले एक पुडके होते आणि त्यात दुर्बीण होती. लॉइड म्हणतो, त्या दिवशीही त्यांनी हत्यारांचा उल्लेख केला. तो त्या दिवशी बराच प्यालेला होता हेही साक्षीत आहे. मध्यरात्रीच्या सुमारास बूथ आणि हेरॉल्ड तिथे आले आणि बंदूक व दुर्बीण घेऊन गेले. १७ एप्रिलच्या रात्री पोलिस घरात असतानाच बूथचा साथीदार लुईस पॉवेल खांद्यावर कुदळ घेऊन दारात उभा राहिला. मेरी म्हणाल्या, देवाशपथ, मी या माणसाला ओळखत नाही. तो त्यांच्या घरी राहून गेलेला होता. त्यांची नजर अधू असल्याचे बचावपक्षाने दाखवले.

यावरून त्या दोषी की निर्दोष, यावर गेली दीडशे वर्षे वाद आहे आणि तुमच्या कादंबरीने त्याचा निवाडा करण्याची गरज नाही. त्यांना खुळी, भोळी, वापरली गेलेली विधवा केले की पात्र मरते. कटाच्या सूत्रधार केले तरी मरते. यावर मी वापरते तो उपाय सांगते. प्रत्येक स्त्रीसाठी एक दिनदर्शिका करावी आणि तिच्यात तारखेनुसार चार रकाने आखावेत: त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले, त्यातले तिने स्वतः काय पाहिले, तिला कोणाकडून काय कळले, आणि पुढे विचारल्यावर तिने आपल्याला काय ठाऊक होते असे सांगितले. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यांतली तफावत हीच तुमची कादंबरी. वाचकाला १४ एप्रिलला काय होणार हे पहिल्या पानापासून माहीत असते, तिला नसते. ही दिनदर्शिका नसेल तर लेखकाचे ज्ञान नकळत पात्राच्या तोंडात जाते, आणि मग मार्च महिन्यातच कोणीतरी खिडकीतून बाहेर पाहत काहीतरी भयंकर घडणार असे पुटपुटू लागते. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत अशा पुटपुटण्याला तोटा नाही.

या दिनदर्शिकेसाठी सर्वांत उत्तम पात्र मेरी नव्हे. ऑनोरा फिट्झपॅट्रिक, म्हणजे नोरा, ही त्या घरात राहणारी विशीच्या आसपासची मुलगी घ्या. १५ मार्चला जॉन सरॅट आणि पॉवेल यांच्याबरोबर ती फोर्ड्स थिएटरमध्ये नाटकाला गेली होती, बरोबर त्याच बिऱ्हाडातली ॲपोलोनिया डीन नावाची लहान मुलगीही होती, आणि ती मंडळी बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षागृहातल्या स्वतंत्र कक्षात, बसली होती. पुरुष तिथे नाटक पाहत होते की जागा पाहत होते, याची त्या दोघींना कल्पना असण्याचे कारण नाही. गुड फ्रायडेच्या, म्हणजे १४ एप्रिलच्या, सकाळी नोरा मेरीबरोबर प्रार्थनेला गेली. १७ तारखेला रात्री तिलाही घरातल्या इतरांबरोबर पकडून नेले. पुढे दोन्ही खटल्यांत तिची साक्ष झाली. म्हणजे घटनेच्या इतक्या जवळ असूनही जिचे स्वतःचे आयुष्य जवळजवळ कोरे राहिले आहे, अशी ही व्यक्ती आहे, आणि कोऱ्या जागेत कादंबरीकाराला प्रामाणिकपणे काम करता येते.

दुसरी व्यक्ती सुझन महोनी जॅक्सन. सरॅट घरात कामाला असलेली ही कृष्णवर्णीय स्त्री. घरात काय ऐकले-पाहिले ते ती नातेवाइकांजवळ बोलली, ते अधिकाऱ्यांपर्यंत पोचले, आणि १७ तारखेच्या झडतीमागे ती माहिती होती. १८६७ च्या खटल्यातही तिची साक्ष झाली. तिच्या बाबतीत कादंबऱ्या फार चटकन दोन सोप्या वाटा धरतात: एक तर निष्ठावान मोलकरीण, नाहीतर फितूर मोलकरीण. मुळात निष्ठा कोणाशी असायला हवी होती, हा प्रश्न १८६५ च्या एप्रिलमध्ये तिच्यासाठी काय अर्थाचा होता ते पाहा. ज्याने गुलामगिरी संपवण्याचा जाहीरनामा काढला त्या माणसाला मारणाऱ्यांची ऊठबस ती ज्या घरात ताटे मांडते तिथे होती. मी तुमच्या जागी असते तर निम्मी कादंबरी तिच्या नजरेतून लिहिली असती.

बूथची बहीण एशिया हिच्याकडे फार सावधपणे जावे, कारण तिचे लेखन फार देखणे आहे. १८७४ मध्ये, इंग्लंडमध्ये राहत असताना, नवऱ्याच्या नकळत तिने भावाच्या आठवणी लिहिल्या. ते हस्तलिखित तिने एका स्नेही कुटुंबाकडे ठेवायला दिले आणि ते छापले गेले १९३८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तब्बल ५० वर्षांनी. नऊ वर्षे उरात ठेवलेले दुःख, भावाची माया, घराण्याची बेअब्रू आणि नवऱ्याचा रोष या सगळ्यांतून गाळून आलेले ते निवेदन आहे. बालपणीचे अपशकुन त्यात आहेत, भविष्य सांगणारी जिप्सी बाई आहे, आणि नेमके हेच लेखकाला उचलावेसे वाटते. उचलू नका असे नाही. पण ते १८७४ च्या एशियाचे म्हणून उचला, लहान एशियाचे म्हणून नव्हे. तिच्या आयुष्यातला खरा कथाभाग मला १८६५ च्या उन्हाळ्यात दिसतो. तिच्या पोटात जुळी मुले होती, फिलाडेल्फियाच्या घरात पहारा बसला होता, भावाने ठेवायला दिलेल्या लखोट्यात त्याची पत्रे सापडली होती, आणि विनोदी नट असलेला नवरा जॉन स्लीपर क्लार्क वॉशिंग्टनच्या तुरुंगात होता. ऑगस्टमध्ये मुले झाली. एवढ्या दोन-तीन महिन्यांवर, घराबाहेर न पडता, एक सबंध कादंबरी उभी राहील.

ल्युसी हेल, एला स्टार, हेन्रिएटा आयर्व्हिंग या प्रेमप्रकरणांतल्या स्त्रियांविषयी मला थोडेच सांगायचे आहे. ल्युसी ही न्यू हॅम्पशायरच्या सिनेटरची मुलगी. बूथ मेला तेव्हा त्याच्या खिशात स्त्रियांची पाच छायाचित्रे सापडली, चार नट्यांची आणि एक हिचे. एला वॉशिंग्टनमधल्या कुंटणखान्यात राहणारी. खुनाच्या दुसऱ्या दिवशी तिने उशीखाली बूथचे छायाचित्र ठेवून क्लोरोफॉर्मने जीव देण्याचा प्रयत्न केला. हेन्रिएटाने १८६१ मध्ये ऑल्बनी इथे त्याच्यावर चाकू चालवला होता. हे सगळे एकत्र मांडले की नाटक आपोआप रंगते, आणि तिथेच तुमचा तिसरा पोटप्रश्न उभा राहतो. देखणा, गोड बोलणारा, बायकांना वेड लावणारा नट अशी त्याची प्रतिमा या स्त्रियांच्या खांद्यांवर चढूनच मोठी होते. त्यांना घ्यायचेच असेल तर एकीला घ्या, आणि तिला तो नसतानाच्या दिवसांत घ्या. ल्युसीने पुढे १८७४ मध्ये दुसऱ्याशी लग्न केले आणि ती राजकारणातल्या प्रतिष्ठित घरात नांदली. एका सिनेटरच्या घराने ही गोष्ट किती कसोशीने झाकून ठेवली असेल, हा भाग मला त्या दोघांच्या गाठीभेटींपेक्षा जास्त कसदार वाटतो.

बूथला लहान कसे ठेवावे, याची माझी पद्धत अशी. त्याला मनातले विचार द्यायचे नाहीत. त्याला एकट्याने कोणत्याही प्रसंगात ठेवायचे नाही. तो दिसेल तेव्हा कोणा स्त्रीच्या समोर, आणि तिच्या कामात अडथळा आणत दिसेल. त्याचे संवाद जितके पुराव्यात आहेत तितकेच. आणि गोळी झाडण्याचा प्रसंग पानावर आणायचा नाही. तो पुष्कळांनी लिहिला आहे, पुष्कळदा पडद्यावर आला आहे, आणि तुमच्या पात्रांपैकी कोणीही त्या वेळी लिंकन बसले होते त्या बॉक्समध्ये नव्हते. एच स्ट्रीटच्या घरात ती बातमी आली ती पहाटे दोनच्या सुमारास, दार ठोठावणाऱ्या पोलिसांबरोबर. तुमच्या कादंबरीतही ती तेव्हाच आणि तशीच यावी. खुद्द लंडनला ही बातमी पोचली २६ एप्रिलला, कारण अटलांटिकखालची तार तेव्हा चालू नव्हती. आणि योगायोग असा की व्हर्जिनियातल्या गॅरेट यांच्या शेतावर बूथ मेला तो त्याच दिवशी. तिथेही एक बाई आहे. गॅरेटबाईंची बहीण लुसिंडा हॉलोवे हिने मरणाऱ्या माणसाचे ओठ ओले केले आणि त्याच्या केसांची बट ठेवून घेतली. या कृतीचे स्पष्टीकरण कादंबरीत देऊ नका. ती जशी घडली तशीच लिहा.

कल्पना किती करावी, याचे माझे उत्तर नियमासारखे आहे आणि मी ते क्वचितच मोडते. पुराव्याचा उजेड पडलेल्या जागी काही बदलायचे नाही. तारीख, हवा, कोण खोलीत होते, कोण नव्हते. उजेड नाही तिथे मोकळेपणाने लिहायचे, पण त्या मोकळ्या जागेत असे काही घडवायचे नाही ज्याने खऱ्या माणसावरचा आरोप सिद्ध होतो किंवा धुऊन निघतो. नोराने त्या आठवड्यात काय शिवले, स्वयंपाकघरात सुझन कोणाशी हसली, १३ एप्रिलला यादवी युद्धातल्या विजयाच्या आनंदात वॉशिंग्टन शहर दिव्यांनी उजळले तेव्हा घरातल्या कोणी कोणी ते पाहायला बाहेर पडल्या, हे सगळे तुमचे. १४ तारखेच्या दुपारी बूथ आणि मेरी सरॅट यांच्यात काय बोलणे झाले, हे तुमचे नाही. ते ऐकणारे तिसरे कोणी नव्हते. त्या खोलीच्या दाराशी तुमचे निवेदन थांबले पाहिजे, आणि वाचकालाही बाहेर जिन्यावर उभे राहावे लागले पाहिजे.

मेरीच्या अंतर्मनात शिरण्याला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे. अमेरिकेच्या संघीय कायद्याने तो हक्क दिला १८७८ मध्ये. अटकेनंतरच्या चौकशीत त्यांनी दिलेली उत्तरे आहेत, बाकी संपूर्ण खटल्यात त्या बुरखा ओढून बसलेल्या आहेत आणि इतर सगळे त्यांच्याविषयी बोलत आहेत. नऊ सदस्यांच्या आयोगातल्या पाच जणांनी त्यांचे वय आणि स्त्रीत्व पाहून फाशीऐवजी जन्मठेप द्यावी अशी शिफारस केली. लिंकननंतरचे अध्यक्ष जॉन्सन पुढे म्हणाले की ती आपल्याला दाखवलीच नाही, आणि सरकारी वकील जोसेफ होल्ट म्हणाले की दाखवली. ७ जुलै १८६५ ला, कडक उन्हात, डोक्यावर छत्र्या धरून त्यांना फाशीच्या चौथऱ्यावर नेले. संघराज्य सरकारने फाशी दिलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचे न बोलणे हा या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि आपण कल्पनेने त्यांना बोलके केले तर तोच नाहीसा होतो. त्यांची मुलगी ॲना हिच्यामार्फत त्यांना दाखवा. शिक्षा कळल्यावर आणि फाशीच्या सकाळीही ॲना व्हाइट हाउसमध्ये दयेची याचना करायला गेली आणि तिला वर जाऊ दिले नाही. १८६९ मध्ये आईचे प्रेत मिळाले, त्याच वर्षी तिचे लग्न झाले, आणि लग्नानंतर लवकरच नवऱ्याची सरकारी नोकरी गेली. हे सगळे उजेडातले आहे, शिवाय मानवी आहे, आणि त्यात बूथ कुठेच नाही.

खानदेशातून लिहिताना दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. पहिले, कपाशी. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्या चार वर्षांत आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले तसा भाव कोसळला आणि मुंबईतला शेअर बाजारही बुडाला. आजोबा-पणजोबांकडून आलेल्या या गोष्टींमुळे गुलाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे शेत येते. सरॅट्सव्हिलच्या भोवती मात्र तंबाखू होती. दक्षिण मेरीलँडची गुलामगिरी तंबाखूवर उभी होती, आणि तंबाखूच्या वर्षाचा क्रम, तिची रोपे, पाने सुकवायची कोठारे, सारे निराळे. या विषयावर वर्णनाच्या ओघात एक वेचणी करणारी बाई आली की जाणत्या वाचकाचा पुढच्या पानांवरचा विश्वास उडतो. आपल्याकडच्या कापसाच्या तेजीची गोष्ट कितीही मोह झाला तरी कादंबरीत आणू नका. ती वेगळ्या कादंबरीची आहे.

दुसरे, बोली. सुझनला घरातल्या मालकिणीपेक्षा वेगळ्या मराठीत बोलवावे, आणि मग ती अहिराणी का असू नये, असा विचार इकडच्या लेखकाला सुचतोच. मला तो मान्य नाही. अहिराणी ही आपल्याकडे सगळ्या घराची भाषा आहे, नुसत्या नोकराची नाही. ती मोलकरणीच्या तोंडी घातली की दोघींचाही अवमान होतो आणि वाचकाला मेरीलँड दिसण्याऐवजी धरणगाव दिसू लागते. सुझन आणि मेरी दोघींनाही साधी, नीट मराठी द्या. फरक दाखवा तो कोण कोणाला काय विचारू शकते आणि कोण वाक्य अर्धे सोडते यातून. अहिराणीचा उपयोग तुम्हाला वेगळ्या ठिकाणी आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायका एखादी जुनी घटना सांगतात तेव्हा तारीख सांगत नाहीत; कोणत्या पिकाचे दिवस होते, कोणाची सून बाळंतीण होती, त्यावरून काळ सांगतात. बहिणाबाई चौधरींच्या कविता मुलाने कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या. ज्या उतरवल्या गेल्या नाहीत त्यांतला काळ असाच मोजलेला असणार. नोराचे आणि सुझनचे निवेदन या पद्धतीने काळ मोजणारे असावे, असे सुचवते. खटल्यातल्या तारखा वकिलांनी मागितल्या म्हणून आल्या आहेत. बाईला तो दिवस लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या, उपवासांमुळे किंवा कपडे धुण्याच्या वारामुळे आठवतो.

हे तंत्र हाताला बसावे म्हणून, अमेरिकेचे कागद उघडण्यापूर्वी, आपल्याच इतिहासातले एक प्रकरण तालमीसाठी घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. आनंदीबाईंनी पत्रातला मजकूर बदलला, ही आख्यायिका मराठी मुलखात लहानपणापासून ऐकलेली असते, आणि ती इतकी घट्ट बसली आहे की खुनाशी संबंधित स्त्री म्हटले की दुसरे नावच आठवत नाही. पण त्याच वाड्यात नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. पुढच्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि मधल्या महिन्यांत त्या पोटावर सगळ्या दौलतीचे राजकारण टांगलेले होते. या दोघींची दिनदर्शिका वर सांगितलेल्या चार रकान्यांत भरून पाहा. आख्यायिकेतले किती, समकालीन कागदांतले किती, आणि कोणत्या दिवशी कोणाला काय ठाऊक असणे शक्य होते, हे वेगळे करताना जी सवय लागते तीच पुढे एच स्ट्रीटच्या घरात लागेल. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचा ग्रंथसंग्रह या तालमीसाठी तुम्हाला जवळ आहे. अमळनेरहून सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी परत जाता येते.

शेवटी पुस्तकामागच्या टिपणाविषयी. अशा कादंबरीला लेखिकेचे टिपण हवेच, आणि ते मागे हवे. त्यात कोणत्या व्यक्ती खऱ्या, कोणते प्रसंग साक्षींतून घेतलेले आणि कोणते तुमचे, हे सरळ सांगावे; कादंबरीत ज्या ठिकाणी दोन साक्षी एकमेकींविरुद्ध जात होत्या आणि तुम्ही एक निवडली, ती ठिकाणे तर अवश्य सांगावीत. लॉइडचे म्हणणे घेतले की सोडले, हे वाचकाला कळले पाहिजे. मेरी दोषी होत्या की नाही यावरचे तुमचे मत मात्र त्या टिपणात नको. टिपण लिहिण्याच्या वेळेपर्यंत ते मत बनलेले असेल तर हस्तलिखिताचा एप्रिलचा भाग पुन्हा एकदा वाचा आणि ते कुठून आत शिरले आहे ते शोधून काढा.